वसाहतीतली बाग सांभाळताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंडा तालुक्यातल्या आमच्या वसाहतीच्या मधोमध एक मोकळी जागा आहे. कागदावर ती 'ओपन स्पेस', बोलण्यात 'बाग'. सहा वर्षांपूर्वीपर्यंत तिथे कमरेएवढं गवत, फुटक्या बाटल्या आणि एक मोडकी घसरगुंडी होती. आता सकाळी माणसं फिरतात, संध्याकाळी पोरं धुडगूस घालतात. डिचोलीहून, म्हापशाहून, पेडण्याहून ओळखीपाळखीतून फोन येतात आणि प्रश्न तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली.

सुरुवात कुठून करायची? झाडं लावण्यापासून?

नको. नळापासून करा.

पहिल्या वर्षी आम्ही जूनच्या दुसऱ्या रविवारी चाळीस रोपं लावली. फोटो काढले, कांदाभजी झाली, सगळे खूश. गोव्यात पावसाळ्यात काठी रोवली तरी तिला पालवी फुटते, त्यामुळे सप्टेंबरपर्यंत आम्ही स्वतःला मोठे बागायतदार समजत होतो. पुढच्या मे महिन्यात मोजली तर सात उरली होती. दोष ना मातीचा, ना रोपांचा. आमच्याकडे वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, पण त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. डिसेंबर ते मे जवळजवळ कोरडं. खाली जांभा. तो पाणी पितो आणि सोडूनही देतो. झाडाचा निकाल लागतो तो मार्च-एप्रिलमध्ये, जेव्हा बागेत फोटो काढायला कोणी नसतं.

म्हणून आधी हिशेब घाला. एका रोपाला पहिली दोन वर्षं उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा दहा-पंधरा लिटर पाणी. वीस रोपं म्हणजे आठवड्याला ४०० ते ६०० लिटर. हे पाणी कुठून येणार आणि कोण घालणार, याची उत्तरं नावानिशी कागदावर आली की मगच खड्डे खणा. उत्तर सहा रोपांपुरतंच असेल तर सहाच लावा.

पाण्याची सोय कशी करायची?

बागेसाठी नळजोडणी मिळत असेल तर तीच सगळ्यात बरी. तिचं बिल कोण भरणार हे आधीच लेखी ठरवा. जवळ कोणाची विहीर असेल तर विचारा. आमच्याकडे एका घरमालकाने दोन तास पंप चालवायला दिला, विजेचे पैसे आम्ही वर्गणीतून देतो.

बोअरवेल हा सगळ्यांच्या तोंडी असलेला उपाय. पण गोव्यात २००२ च्या भूजल नियमन कायद्यामुळे विहीर किंवा बोअर खणायला आधी परवानगी लागते. गुपचूप मशीन बोलावू नका.

पावसाचं पाणी साठवायची कल्पना ऐकायला छान वाटते. १०० चौरस मीटर छपरावर वर्षाला तीन लाख लिटरच्या आसपास पाणी पडतं. पण ५,००० लिटरची टाकी जूनच्या पहिल्याच मोठ्या सरींत भरते, आणि पाणी लागतं एप्रिलमध्ये. वीस रोपांना तेवढी टाकी दोन-तीन महिनेच पुरते, आणि कोरडे महिने सहा. ते पाणी शेजारच्या विहिरीत मुरवता आलं तर जास्त उपयोग.

आम्हाला खरं तारलं मडक्यांनी. पाझरणारं, न रंगवलेलं मातीचं मडकं घ्यायचं. रोपापासून हातभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरायचं, भरायचं, वर करवंटीचं झाकण. पाणी मुळाशी हळूहळू झिरपत राहतं. चौथ्या-पाचव्या दिवशी करवंटी उचलून बघायची: तळाशी बोटभर पाणी असेल तर ठीक, कोरडं असेल तर भरायचं. झाकण चुकूनही विसरू नका, नाहीतर डासांची शाळा भरते. हे काम आठ वर्षांचं पोरही करतं, आणि मोठ्यांपेक्षा नेमाने करतं.

जागा कोणाची आहे हे कसं शोधायचं?

ग्रामीण भागात सर्वे नंबर आणि सब-डिव्हिजन घेऊन एक-चौदाचा (जमिनीच्या मालकीचा) उतारा काढा, सोबत सर्वेचा नकाशा. शहरी भागात चलता नंबर (जमिनीच्या तुकड्याचा) आणि पी.टी. शीट नंबर (नकाशाच्या पानाचा) लागतो आणि 'फॉर्म डी', म्हणजे शहरातला मालकीचा उतारा, बघावा लागतो. प्लॉट पाडताना मंजूर झालेला आराखडा मिळाला तर सोन्याहून पिवळं, कारण त्यात मोकळी जागा आखून दाखवलेली असते. जागा पालिकेची, पंचायतीची, कोमुनिदादची (जुन्या गावकरी संस्थेची) किंवा अजून मूळ भाटकाराच्या (जमीनदाराच्या) नावावर निघू शकते. शेवटचा प्रकार कमी नाही: प्लॉट विकून झाले, मोकळी जागा पंचायतीच्या नावावर करायची राहूनच गेली. कागद सरळ मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

तिथे कोणी बांधकाम करायला निघालं तर?

मंजूर आराखडा हातात ठेवून पंचायतीला किंवा पालिकेला लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. बंगळूरुमध्ये बागेसाठी राखलेली जागा एका खासगी इस्पितळाला दिली, तेव्हा त्याविरुद्ध तिथले रहिवासीच न्यायालयात गेले होते. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल रहिवाशांच्या बाजूने दिला. तुम्ही वकिलाकडे गेलात तर तोही हेच प्रकरण आधी काढेल.

आपल्याच वसाहतीत काम करायला परवानगी कशाला?

कारण जागा तुमची नाही. झाडू मारायला कोणी विचारत नाही, पण खड्डा खणला, खांब रोवला, नळ जोडला की प्रश्न उभे राहतात. एक पानाचं पत्र पुरतं: आम्ही काय करणार, काय करणार नाही, मालकी तुमचीच, देखभाल आमची, वीज-पाण्याचं बिल कोणाचं, आणि खेळणं मोडलं तर कळवायचं कोणाला. पंचायत असेल तर हा विषय ग्रामसभेत मांडून इतिवृत्तात नोंदवून घ्या. सरपंच बदलतो, इतिवृत्त राहतं. 'हो हो, करा' या तोंडी आश्वासनावर आम्ही वर्षभर काम केलं. माणूस बदलला आणि सगळं पहिल्यापासून समजावत बसलो.

कोणती झाडं लावावीत?

ज्यांची सावली, फूल किंवा फळ वसाहतीतल्या माणसाला ओळखीचं आहे ती. ओळखीच्या झाडाला कोणी मोडत नाही.

सावलीसाठी बकुळ. वाढतो सावकाश, पण एकदा उभा राहिला की वर्षभर हिरवा, आणि सकाळी खाली पडलेली फुलं वेचायला मुली येतात. करंज सोशिक आहे. जांभूळ लावा, पण बाकड्यावर नको आणि फरशीवर तर नकोच. मेमध्ये जमीन जांभळी होते आणि कपडेही. सुरंगी लावायचा आमचा हट्ट होता. फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलली की सगळा परिसर घमघमतो, पण तिला धीर लागतो. आमची अजून फुललेली नाही. भिरंड, म्हणजे कोकम, बीपासून वाढवाल तर साधारण निम्मी झाडं नर निघतात आणि फळ धरत नाहीत, म्हणून फळ हवं तर कलम आणा.

एक कोपरा आम्ही माटोळीसाठी राखला आहे. दर चवथीला गणपतीवर बांधायला लागणारी रानातली फळं-फुलं हल्ली बाजारात पैसे मोजून आणावी लागतात. म्हणून तिथे केवण, शेरवड, घाघऱ्या आणि आंबाडा लावला. मट्टीचं एक रोपही आहे. मट्टी म्हणजे घाटावरचा ऐन, आणि नारळाच्या आधी तोच आपला राज्यवृक्ष होता. शेरवडाची पांढरी पानं ऐन श्रावणात चमकायला लागतात तेव्हा वाटेने जाणारी माणसं थांबून विचारतात. नियम एवढाच की चवथीच्या आदल्या दिवशी आठ वाजता सगळ्यांसमोर काढायचं आणि घरटी थोडं-थोडं वाटायचं. पहिल्या वर्षी पहाटे पाचला कोणीतरी सगळं कापून नेलं होतं. कोण ते सगळ्यांना माहीत आहे, आणि त्या घरचा गणपतीही आमचाच, म्हणून विषय तिथेच सोडला.

टाळा: ऑस्ट्रेलियन अकेशिया आणि रेन ट्री. रेन ट्रीची सावली मोहात पाडते, पण लहान बागेत तो मावत नाही, आणि पावसाळी वाऱ्यात त्याच्या जड फांद्या मोडतात. गुलमोहर दिसतो देखणा, पण त्याचंही लाकूड ठिसूळ. रोपं वनखात्याच्या रोपवाटिकेत मिळतात. मातीबद्दल विचारायचं तर तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात जा.

खड्डे एप्रिल-मेमध्येच खणून ठेवा. जांभ्यात पिकास चालवावी लागते, आणि भर पावसात ते काम कोणी करत नाही. खड्डा गुळगुळीत वाटीसारखा सोडू नका, कडा फोडून घ्या. नाहीतर पावसाळ्यात त्यात पाणी साचून मुळं कुजतात.

नारळ लावावा का?

कुंपणाला लागून, खाली वाट किंवा झोपाळा नसेल अशा जागी, आणि पाडेली (नारळ पाडणारा) वेळेवर मिळत असेल तरच. २०१६ मध्ये नारळाला कायद्यातल्या 'झाडा'च्या व्याख्येतून वगळलं, त्यावरून राज्यभर गदारोळ झाला आणि २०१७ मध्ये तो राज्यवृक्ष झाला. मान मोठा आहे. पण सोललेला नसला तरी नारळ डोक्यावर पडला तर मान बघत नाही.

झाड किंवा मोठी फांदी धोकादायक झाली तर तोडता येते का?

आपल्या मनाने नाही. १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली झाड तोडायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, बाग असो वा तुमचं अंगण. मेच्या सुरुवातीलाच सगळ्या झाडांवर एक नजर टाका आणि अर्ज तेव्हाच द्या, जूनमध्ये सगळ्यांचेच अर्ज जातात. विजेच्या तारेला टेकलेल्या फांदीला हात लावू नका, वीजखात्याला कळवा. झाड पडलंच तर १०१. आणि एप्रिल-मेमध्ये झुडपं छाटण्याआधी आत वाकून बघा. शिंपी पक्ष्याने पानं शिवून घरटं केलेलं असतं, आणि ते अगदी समोर असूनही दिसत नाही.

पातेरा (पालापाचोळा) रोज झाडून जाळला तर काय बिघडतं?

धूर शेजारच्या बाळंतिणीच्या खोलीत जातो, हे पहिलं. दुसरं, उघड्यावर कचरा जाळण्याबद्दल राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्येच ५,००० रुपये दंड ठरवला, मोठ्या प्रमाणावर जाळला तर २५,००० रुपये. आणि तिसरं, तुम्ही फुकटचं खत जाळता आहात.

कोंबडीची जाळी घ्या, मीटरभर व्यासाचा आणि छातीएवढ्या उंचीचा गोल करा, चार काठ्यांना बांधा. झाला पिंजरा. जानेवारी ते मार्च पानगळ जोरात असते तेव्हा वीतभर पातेरा, त्यावर शेणकाल्याचा शिडकावा, परत पातेरा. आंब्या-फणसाची पानं चामड्यासारखी असतात, ती आधी पायाखाली तुडवून घ्या. ओल तपासायची रीत सोपी: मूठभर आतला पातेरा काढून घट्ट पिळायचा. एखाद-दुसरा थेंब आला तर बरोबर, धार लागली तर जास्त, हात कोरडा राहिला तर पाणी मारा. पिंजरा काठोकाठ भरला तरी पंधरा दिवसांत वीतभर खाली बसतो, मग परत भरायचा. पावसाळा आपलं काम करतो, आणि दिवाळीच्या सुमारास तळातून काळं, रानातल्या मातीचा वास येणारं खत निघतं. प्लास्टिकचा एकही तुकडा आत जाऊ देऊ नका. गुटख्याची पाकिटं निवडायचं काम आमच्याकडे अजून संपलेलं नाही.

सगळाच पातेरा उचलू नका. झाडांच्या आळ्यात चार बोटं जाड थर राहू द्या, मार्चमध्ये पाणी निम्म्याने वाचल्यासारखं वाटतं. वाटा, खेळणी आणि कुंपणाची कड मात्र स्वच्छ हवी. वाळलेल्या गवतात विडीचं थोटूक पडलं की काय होतं ते आम्ही एका एप्रिलमध्ये बघितलं आहे.

खेळण्यांची काळजी कोण घेणार?

महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन माणसं, एक पाना आणि एक चिंधी. आपल्या दमट हवेत लोखंड बाहेरून रंगलेलं आणि आतून पोखरलेलं असतं. आमच्या घसरगुंडीच्या तिसऱ्या पायरीखाली एक बोल्ट अर्धा इंच बाहेर आला होता. रंगवताना त्याच्यावरही रंग मारलेला, त्यामुळे कोणालाच दिसला नाही. एका पोराची चड्डी फाटली आणि मांडीला ओरखडा आला, तेव्हा कळलं. तेव्हापासून आम्ही डोळ्यांनी तपासत नाही. चिंधी सगळ्या कडांवरून फिरवतो, जिथे अडकते तिथे खडूची खूण.

झोपाळ्याचा आकडा बघताना साखळी उचलून त्याच्या आतल्या बाजूला बोट लावा. झिजून खाच पडली असेल तर त्याच दिवशी झोपाळा बांधून ठेवा आणि आकडा बदला. खाली सिमेंट नको, फूटभर रेती हवी. ती मिळवणं आजकाल गोव्यात किती कठीण ते सांगायला नको, पण एकदा घातली की वर्षातून एकदा खणून भुसभुशीत करायची, एवढंच. पत्र्याची घसरगुंडी पश्चिमेला तोंड करून असेल तर एप्रिलमध्ये दुपारी चार वाजता तळहात टेकवून पाच सेकंद मोजा. पाचपर्यंत पोचला नाहीत तर तिच्यावर सावली करा.

वाटांना पेव्हर घालावेत का?

ज्येष्ठांच्या फिरण्याची एक वाट, बस्स. कंत्राटदाराला विचाराल तर तो झाडाच्या बुंध्यापर्यंत पेव्हर घालून देईल, कारण हिशेब चौरस मीटरवर असतो. पाणी मुरायला जागा राहत नाही, झाड गुदमरतं आणि पोरांचे गुडघे फुटतात. आपल्याच तालुक्यात माशेलला देवकीकृष्णाच्या देवळापुढे आषाढात चिखलकाला होतो, थोरामोठ्यांची मुलं चिखलात लोळतात आणि आपण कौतुकाने बघायला जातो. मग वसाहतीतल्या पोराच्या पायाला चिखल लागला तर एवढं काय?

लोक पहिल्या रविवारी येतात, मग येत नाहीत. काय करायचं?

'मागीर करूया' (नंतर करू) हे उत्तर तुम्हालाही मिळालेलं दिसतं.

आम्ही सगळ्यांना सगळ्या कामाला बोलावणं बंद केलं. त्याऐवजी एका घराला एक बारीक काम. अमुक तीन मडकी तुमची. हा पिंजरा तुमचा. दर शुक्रवारी दिव्यांचा खटका तुमचा. काम इतकं लहान की नाही म्हणायला लाज वाटावी.

दुसऱ्या गल्लीतल्या आजी म्हणाल्या, "अरे बाबा, माझे गुडघे गेले. मी काय करणार?" मी म्हटलं, "आजी, तुमच्या खिडकीतून नळ दिसतो ना? गळताना दिसला की मला हाक मारा, बाकी काही नको." मार्चमध्ये एका पहाटे साडेपाचला हाक आली. पोरांनी चावी पिळून आटा घालवला होता, रात्रभर पाणी वाहिलं होतं. मी लुंगीवरच धावलो, तागाच्या दोऱ्याने तात्पुरता बांधला. आजी खिडकीतूनच: "सुतळी नको, वायसर बदल. कालपासून सांगते आहे." खरंच सांगत होत्या. आता वायसरचं पाकीट त्यांच्याच खिडकीत असतं.

वर्गणी किती आणि हिशेब कसा?

आम्ही घरटी महिना ५० रुपये घेतो. देणारे देतात, न देणाऱ्यांची नावं लावत नाही. हिशेब मात्र दारावरच्या फळ्यावर, खडूने, दर महिन्याला: शेणखत एवढं, वायसर एवढे, शिल्लक एवढी. एक-दोन माणसांच्या खासगी खात्यात पैसे साठवू नका, दोघांच्या सहीचं वेगळं खातं काढा. मोठा निधी घ्यायचा असेल तर संस्था नोंदवा, त्याला किमान सात सभासद लागतात. आम्ही अजून नोंदवलेली नाही, आणि अजून तरी अडलेलं नाही.

साप दिसला तर?

मारू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली तो गुन्हा आहे, आणि मारायला जाणाऱ्यालाच दंश व्हायचा धोका असतो. पोरांना लांब करा, एकाने दुरून नजर ठेवा, वनखात्याला किंवा माहितीच्या सर्पमित्राला कळवा. पातेरा हाताने उचलायचा नाही, पंजाने ओढायचा, आणि पायात बूट. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चारही आपल्याकडे आहेत. दंश झाला तर १०८, माणसाला चालवू नका, आवळपट्टी बांधू नका, जखम कापू नका.

आणि डास?

डेंग्यूचा डास अंड्यातून उडेपर्यंत साधारण आठवडा ते दहा दिवस घेतो. म्हणून दर शनिवारी साचलेलं पाणी ओतून टाकायचं: टायरचे झोपाळे, कुंड्यांच्या बशा, कोणीतरी पक्ष्यांसाठी ठेवलेली भांडी.

बागेत कुत्र्यांना खायला घालणाऱ्यांशी भांडण होतं.

भांडू नका, जागा ठरवा. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतच आहे की खाऊ घालायची जागा रहिवाशांनी मिळून ठरवावी, मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर. आमच्याकडे ती मागच्या दाराबाहेर आहे. घालणाऱ्याने जागा धुवायची. कुत्र्यांच्या नसबंदी-लसीकरणाचा पाठपुरावाही तीच मंडळी उत्साहाने करतात.

एका कोपऱ्यात लहानशी घुमटी बांधली तर?

कोणत्याही देवाची नको. सार्वजनिक बागेत आणि रस्त्यावर नवी अनधिकृत प्रार्थनास्थळं होऊ देऊ नयेत, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००९ चा आदेश आहे. आम्ही काम सुरू करताना नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, तेवढ्यावर देव खूश दिसतो.

वाढदिवस, हळदीकुंकू, गाण्याचा कार्यक्रम चालतो का?

चालतो, आधी फळ्यावर नाव लिहून. थर्माकोल आणि फुगे नाहीत. रात्री दहानंतर स्पीकर नाही, हा आमचा नव्हे, देशाचा नियम आहे.

रात्री बाटल्या घेऊन बसणाऱ्यांचं काय?

पाटी लावून फरक पडला नाही. त्यांचं बाकडं उचलून दिव्याखाली नेलं, तेव्हा पडला.

बागेची किल्ली कोणाकडे असते?

पहाटे साडेपाचला पहिल्या गल्लीतले निवृत्त मास्तर उघडतात, संध्याकाळी साडेसातला कोपऱ्यावरच्या वहिनी बंद करतात. बंद करण्याआधी त्या दोनदा हाक देतात. तरीही चप्पल, पाण्याची बाटली किंवा नातू आत राहिलाच, तर त्यांच्या घरची घंटा वाजवा. नऊनंतर मात्र फक्त नातवासाठी.